शनिवारचा दादा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात 'युवा मनोगत' म्हणून केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेलं एक-दोन ठिकाणी नंतर घातलं आहे.)



मला विषय दिला होता, 'आजच्या तरुणांपुढील आव्हाने'. मी समितीला विनंती केली की आव्हानांवर बोलण्याइतकं माझं वय नाही, पण दर शनिवारी दुपारी मी जिथं जातो त्याविषयी बोलू का? सचिवकाका म्हणाले, "बोल की. पण पंधरा मिनिटांत आवर, मागं जेवण थंड होतंय." तेव्हा घड्याळ काकांच्या हातात आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला जिन्यात गाठून विचारलंय, "काय रे, शनिवारी एवढा धुळीनं माखून कुठनं येतोस?" तळमजल्यावरच्या आजींना तर वाटत होतं की मी तालमीत जातो. आजी, माझ्याकडे बघून तुम्हाला तालीम आठवली हा माझा बहुमान आहे. पण ती माती आखाड्यातली नव्हे. वीटभट्टीवरची आहे.

आधी थोडं मागचं. ते तुम्हाला निम्मं माहीतच आहे. बारावीनंतर मी नीटची परीक्षा दिली. मग एक वर्ष घरी बसून पुन्हा दिली. दोन्ही वेळचे मार्क मला नीट कळायच्या आधी बिल्डिंगला कळले होते. माझी तक्रार नाही, सोसायटी म्हणजे हेच. मेडिकल जमलं नाही आणि मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. त्या पहिल्या वर्षात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर "मग आता पुढे काय?" या प्रश्नाचा. विचारणारे मायेनंच विचारत होते. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी रंकाळ्यावर मित्रांबरोबर टाईमपास, रात्री मोबाईल. आईबाबा काही बोलत नव्हते, आणि त्यांचं ते न बोलणंच जास्त जाणवायचं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. विशीतल्या मुलाला ही गोष्ट फार जड जाते, एवढंच सांगतो.

त्या वर्षी मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं. एन.एस.एस. म्हटलं की कळेल. फार उदात्त हेतू नव्हता, सर्टिफिकेट मिळतं म्हणून घातलं. ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, असा तिचा हिशेब असतो. इथं बसलेल्या काही काकांनीही त्या शिबिरात रस्ते केलेत, शोषखड्डे खणलेत. परवा त्यांनीच सांगितलं, आणि रस्त्यापेक्षा शिबिरातल्या पिठल्याच्या आठवणी जास्त सांगितल्या.

आमच्या सरांनी आम्हाला पंचगंगेपलीकडच्या एका वीटभट्टीवर नेलं. काम साधं होतं. शाळेत न जाणारी मुलं किती, त्याची यादी करायची, वह्या आणि बिस्किटं वाटायची आणि परत यायचं. निघताना एका पोरानं विचारलं, "परत कवा येणार?" आमच्यातला एक जण म्हणाला, "येऊ की." त्यावर ते पोरगं हसलं. "सगळी असंच म्हणत्यात."

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो. का गेलो, याचं मोठं कारण मला सांगता येत नाही. त्या हसण्यात कसली तक्रार नव्हती, पोरानं नुसता हिशेब सांगितला होता. तो चुकीचा ठरवावा असं वाटलं, एवढंच.

आता भट्टीविषयी सांगतो, कारण आपण पुण्याला जाता-येता धुराडी आणि विटांचे ढीग लांबून बघतो, जवळ जात नाही. दिवाळी झाली की काम सुरू होतं आणि पावसाच्या तोंडावर थांबतं. मालकाकडून कुटुंबानं आधी उचल घेतलेली असते आणि ती हजार विटांमागं ठरलेल्या दरानं फेडायची असते. म्हणजे जेवढ्या जास्त विटा तेवढी उचल लवकर फिटणार. म्हणून मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजताच चिखल मळणं आणि विटा थापणं सुरू होतं. नवरा-बायको दोघं मिळून थापतात. मुलांच्या वाट्याला काय येतं? धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं आणि अर्धवट वाळलेल्या विटा पालटून उभ्या करणं. हलक्या हातांनी वीट मोडत नाही, म्हणून ते काम पोरांचं. सकाळी शाळेच्या वेळेला ही पोरं झोपेनं पेंगत असतात. आपल्या या हॉलच्या भिंतीतल्या विटाही अशाच कुणीतरी थापल्या आणि कुणीतरी पालटल्या असणार.

त्यामुळे शिकवायची वेळ दुपारी चार ते सहा. जागा म्हणजे झोपड्यांच्या बाजूला बांधलेली एक ताडपत्री. पहिल्या दिवशी 19 मुलं, सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची. काय शिकवायचं मला ठाऊक नव्हतं. बारावीचं जीवशास्त्र माझ्याकडं भरपूर होतं, ते तिथं कुणाला नको होतं.

मग सरांनी एक कागद दिला. त्यावर काही सुटी अक्षरं, काही साधे शब्द, चार वाक्यांचा एक उतारा आणि एक छोटी गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवायचं, हे वाचून घ्यायचं आणि कोण कुठं थांबतं ते लिहायचं. वय किती, इयत्ता कोणती, हे विचारायचं नाही. जो शब्दांपाशी थांबतो त्याला शब्दांच्या गटात बसवायचं, मग तो आठ वर्षांचा असो की बारा. 'प्रथम' या संस्थेनं ही पद्धत देशभर नेली. ही संस्था 1995 मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतल्याच, साधारण दहावी-बारावी झालेल्या मुली मागं पडलेल्या मुलांना 15-20 च्या गटात रोज दोन तास शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आणि बडोद्यात 2001 ते 2003 या काळात त्याची रीतसर पाहणी केली, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागच्या मुलांना झाला असं त्यांना आढळलं. पुढे 2019 मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला यात आवडलेली गोष्ट नोबेलची नाही. त्या बालसख्यांना प्रशिक्षण फक्त दोनेक आठवड्यांचं होतं, ही आहे. म्हणजे हे काम करायला फार हुशार असावं लागत नाही. मला धीर आला.

एका मुलीविषयी सांगतो. नाव सांगत नाही, ती लहान आहे आणि तिची परवानगी मी घेतलेली नाही. वय अकरा असेल. कुटुंब विजापूरकडचं, घरी कन्नड. कागदावरचं एकही अक्षर तिला वाचता आलं नाही, म्हणून ती अक्षरांच्या गटात, सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर बसायची. मान खाली, तोंड बंद, मांडीवर धाकटा भाऊ. दोन महिने मी तिचा आवाज ऐकला नाही.

एका शनिवारी आम्ही सगळी पोरं रस्त्याच्या कडेपर्यंत गेलो होतो. पाट्या वाचायचा खेळ. दुकानाची पाटी, गावाचं नाव, ट्रकमागची अक्षरं. तेवढ्यात कर्नाटकची एसटी आली. पुढच्या पाटीवर गोल गोल कन्नड अक्षरं. गाडी निघून जायच्या आत ही पोरगी मोठ्यानं म्हणाली, "विजयपूर!" सगळी पोरं तिच्याकडं बघायला लागली. मीही.

तिला वाचता येत होतं. गावाकडं तिची दुसरी झालेली होती. माझ्याजवळचा कागद मराठीत होता, त्यामुळं तो तिला एवढंच विचारत होता की तुला मराठी अक्षरं येतात का. आणि त्या एसटीच्या पाटीपुढं, बी.एस्सी. असून, अंगठाबहाद्दर मी होतो.

त्या दिवसापासून आमचा सौदा ठरला. ती मला रोज दोन कन्नड अक्षरं शिकवणार, मी तिला मराठी. ती माझ्या वहीवर लाल पेनानं बरोबरच्या खुणा करायची, आणि चुकलं की "इल्ला, इल्ला" म्हणून जी काय ओरडायची! अक्षर जोडून शब्द होतो आणि शब्दाला अर्थ असतो, हे तिला आधीच माहीत होतं. अडचण नुसत्या चिन्हांची होती, आणि अर्थाची. 'घर' हा शब्द ती वाचायची, पण तिच्या भाषेत घराला 'मने' म्हणतात. म्हणून आम्ही चित्रं काढून दोन्ही भाषांत शब्द लिहिले. मार्चमध्ये तिनं ती कागदावरची गोष्ट सगळ्यांसमोर वाचली. आई चिखलाचे हात तसेच घेऊन येऊन उभी राहिली होती. तिला मराठी गोष्टीतलं किती कळलं असेल कोण जाणे, पण ती शेवटपर्यंत उभी होती.

गणिताची गंमत वेगळी. कागदावर 'सात गुणिले आठ' दिलं की पोरं वर बघायची. पण "एका रांगेत आठ विटा, अशा सात रांगा, किती झाल्या?" असं विचारलं की माझ्या आधी उत्तर. हजारी दराचा हिशेब तर त्यांच्या कानावर रोजच. बॅनर्जी-डुफ्लो यांच्याच गटाचं यावर काम 2025 मध्ये प्रसिद्ध झालंय. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणारी मुलं तोंडी हिशेब पटापट करतात, तेच गणित शाळेच्या पद्धतीनं मांडलं की अडतात; आणि शाळेतल्या मुलांचं नेमकं उलट होतं. आपल्या कोल्हापुरात हे लीलाताई पाटील यांनी कितीतरी आधी ओळखलं होतं. ना. सी. फडके यांच्या त्या कन्या. 1985 मध्ये त्यांनी इथं 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मुलाच्या भोवतालातून, त्याच्या अनुभवातून शिक्षण, ही तिथली रीत. 2020 च्या जूनमध्ये त्या गेल्या. त्यांना भेटायचं भाग्य मला लाभलं नाही, पण त्यांचं 'शिक्षणातील लावण्य' हे पुस्तक मला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दिलं. काकू, ते अजून माझ्याकडंच आहे, आणि लवकर परत मिळेल असं वाटत नाही.

शाळेत नाव घालण्याचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून डोकं तापतं. भट्टीपासून जवळच्या एका शाळेत आम्ही पाच मुलांना घेऊन गेलो, तर दाखला आणा, आधार आणा, असं उत्तर आलं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमलात 1 एप्रिल 2010 पासून. वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आम्ही ती कलमं मराठीत छापून नेली. तिसऱ्या खेपेला नावं लागली. पुढं त्याच शाळेतल्या एका बाईंनी त्या पोरांना इतकं सांभाळून घेतलं की मी त्यांचं नाव मुद्दाम घेत नाही. त्यांना आवडायचं नाही. कोल्हापुरात अनुराधा भोसले यांची 'अवनि' ही संस्था भट्ट्यांवरच्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं हे सगळं करते आहे. त्यांच्या कामापुढं आमचं हे दोन तासांचं काम म्हणजे मुलाच्या पाटीवरची एक रेघ.

आता मी ज्यासाठी बोलायला उभा आहे त्या मुद्द्यावर येतो.

भट्टीवर माझ्याआधी आणि माझ्यानंतर पुष्कळ दादा येऊन गेले. मुलांनी त्यांना नावं ठेवली आहेत. केकवाला दादा, ब्लँकेटवाला दादा, फोटोवाला दादा. मला ती 'शनवारचा दादा' म्हणतात. सुरुवातीला वाटलं, काय हे साधं नाव! नंतर त्याची किंमत कळली. बाकीचे दादा काय घेऊन आले त्यावरून ओळखले जातात. मी कधी येतो त्यावरून.

मी वाढदिवसाला केक घेऊन जाणाऱ्यांना नावं ठेवत नाही. या सोसायटीतूनही दोन वाढदिवस तिथं झालेत, मुलांना आनंद झाला, मी साक्षी आहे. पण मला जे दिसलं ते सांगायला हवं. एखादा दादा येतो, मुलीला मांडीवर घेतो, "मी तुला डॉक्टर करणार" म्हणतो, आणि नंतर दिसत नाही. ती मुलगी पुढचे तीन शनिवार रस्त्याकडं बघत बसते. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' नावाची जुनी संस्था आहे, तरुण माणूस आणि एक मूल अशी जोडी लावून देणारी. त्यांच्या जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या दोघींनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. पण ज्या जोड्या अगदी थोडक्यात, तीन महिन्यांच्या आतच मोडल्या, त्यातल्या मुलांचं स्वतःविषयीचं मत आधीपेक्षाही खालावलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्याबरोबर आलेले सहा जण परीक्षा आल्या की गळाले होते आणि मीही गळण्याच्या बेतात होतो.

मग मी स्वतःला एक नियम घातला. महिन्यातले चारही शनिवार. जायला जमणार नसेल तर आधीच्या शनिवारी मुलांना सांगायचं. न सांगता गैरहजर राहायचं नाही. गेल्या वर्षी तोंडी परीक्षा शनिवारी आली, तेव्हा मी आठवडाभर आधी सांगितलं की "पुढच्या शनिवारी माझी परीक्षा आहे." पोरांना केवढा आनंद! दादाचीसुद्धा परीक्षा असते म्हणजे काय! त्याच्या पुढच्या शनिवारी गेलो तर सगळ्यांचा एकच प्रश्न, "पास झालास का?" बघा, तोच प्रश्न. जिन्यात विचारला की घाम फुटायचा, तिथं विचारला तर हसू आलं.

मला काय मिळालं, असं मित्र विचारतात. शनिवारी चार वाजता मी नाही गेलो तर 19 जण विचारतात की का आला नाही. सगळं मिळालं ते यातच आलं. त्या एका वारामुळे बाकीचे सहा वार रांगेत उभे राहिले. शुक्रवारी रात्री शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या असतात, म्हणून अभ्यास गुरुवारपर्यंत उरकायचा. बुधवारी बाईंना फोन करून कोण शाळेत आलं नाही ते विचारायचं. माझे मार्क वाढले हे आईबाबांना दिसलं, पण आईला जास्त दिसले ते बूट.

मी त्या मुलांचं आयुष्य बदललं, असं कृपया कुणी म्हणू नका. मेच्या मध्याला भट्टी थांबली. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, गाठोडी आणि त्यावर पोरं. त्या मुलीच्या हातात शाळेतून मिळालेला कागद होता, स्थलांतर करणाऱ्या मुलांना देतात ते शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेनं तिला वर्गात घ्यावं. मी तिला एक वही दिली, पुढून मराठी आणि मागून कन्नड. तिनं माझ्या वहीत कन्नडमध्ये माझं नाव लिहिलं. दिवाळीनंतर बाकीची बरीच कुटुंबं परत आली. त्यांचं आलं नाही. कुणी म्हणालं सांगलीकडच्या भट्टीवर गेले, कुणी म्हणालं गावाकडंच राहिले. वडिलांचा फोन लागत नाही. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढं मी अजून रेघ मारलेली नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग उपयोग काय? मलाही तेव्हा असंच वाटलं होतं. त्या दिवसांत मला भाऊराव पाटील आठवले. शाळेत आपण त्यांच्यावर निबंध लिहितो, पण मुलगा म्हणून त्यांचं काय झालं हे कुणी सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचा जन्म, 22 सप्टेंबर 1887. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिकायला होते आणि मॅट्रिकदेखील झाले नाहीत. घरच्यांना काय वाटलं असेल, याचा मला थोडाफार अंदाज आहे! पुढं साताऱ्यात पोट भरण्यासाठी त्यांनी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या आणि लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणायला लागले. अपयशी म्हणून गणला गेलेला एक तरुण दुसऱ्यांची मुलं शिकवत बसला. 4 ऑक्टोबर 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. बोर्डिंगातल्या मुलांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, ते आपल्याला माहीत आहे. मला भाऊरावांशी स्वतःची बरोबरी करायची नाही, तसं केलं तर बाबा इथंच कान धरतील. पण रयत नसलेले, नुसत्या शिकवण्या घेणारे पाटील मास्तर मला जवळचे वाटतात.

आणि हे गावच तसलं आहे. 1901 मध्ये शाहू महाराजांनी इथं मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि मी कायद्याची कलमं छापून शाळेत जातोय. असो.

"पुढं काय?" या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडं आहे, तेव्हा जिन्यात विचारलंत तरी चालेल. मला प्राथमिक शाळेचा शिक्षक व्हायचंय. पहिली ते पाचवी. त्यासाठी बी.एड. चालत नाही, 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डी.एल.एड.च लागतं. म्हणजे बारावीनंतर करता आली असती अशी पदविका मी पदवीनंतर करणार, मग टीईटी, मग भरतीची वाट. एका नातेवाईकांनी बाबांना विचारलं, "पोरगं डॉक्टर व्हायचं होतं ना?" बाबा म्हणाले, "व्हायचं होतं. आता मास्तर व्हायचंय." बाबांनी मला हे सांगितलं नाही. आईनं सांगितलं.

सचिवकाका घड्याळाकडं बघताहेत. शेवटचं एक काम आहे.

आपल्याकडं धुणी-भांडी करायला येणाऱ्या मावशींची, वॉचमनकाकांची, समोरच्या बांधकामावरच्या लोकांची मिळून 14 मुलं आहेत. मी मोजलीत. संध्याकाळी ती गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसलेली असतात. आणि ज्या हॉलमध्ये आपण आत्ता बसलोय तो गणपतीचे दहा दिवस, वार्षिक सभा आणि पाच-सहा समारंभ सोडले तर वर्षभर कुलपात असतो. मी समितीकडं अर्ज दिला आहे. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, हॉल या मुलांसाठी उघडा राहावा. पुढच्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत तो विषय येईल. काही सभासदांच्या शंका आहेत. विजेचं बिल, स्वच्छता, आणि 'बाहेरची मुलं' आत येण्याबद्दल. बिल आणि झाडलोट मी लिहून देतो. तिसऱ्या शंकेबद्दल एवढंच सांगतो की त्यातल्या निम्म्या मुलांच्या आयांच्या हातात आपल्या घराच्या किल्ल्या आहेत.

मला माणसं हवीत. निवृत्त झालेले काका-काकू चालतील, अकरावीतली मुलं चालतील, मराठी नीट न येणारी इंग्रजी माध्यमातली मुलं तर फारच चालतील, दोघांचाही फायदा होईल. अट एकच. नाव दिलं की एप्रिलपर्यंत यायचं. आठवड्यातून एकच दिवस घ्या, पण तोच घ्या. ज्यांना खात्री नाही त्यांनी नाव देऊ नका, मनापासून सांगतो, राग येणार नाही. त्यांनी फळा द्यावा. फळा नाहीये.

सतरंज्या सोसायटीच्या आहेतच. वही मी जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी टांगून ठेवतो, तिच्यात नाव आणि वार लिहा. पेन दोरीनं बांधलेलं असेल, कृपया नेऊ नका.